होयबाची फुली

"बाबा, हे तुम्ही लिहिलंय?"

मुलगी मुलाखतीहून आली ती चपला न काढताच कपाटाकडे गेली, तिने जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश ओढून काढला आणि बापाच्या ताटाशेजारी धप्पकन ठेवला. एका शब्दावर तिचं बोट होतं. बापाने हातातला घास खाली ठेवला, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि वाचलं.

"ऑब्सिक्वियस. आज्ञाधारक, सेवातत्पर, वडीलधाऱ्यांचा मान राखणारा."

"तुम्हीच लिहिलंय ना?"

"कोश आमच्याच कचेरीचा आहे. का गं?"

"मला विचारलं, तुमचे वरिष्ठ तुमचं वर्णन एका शब्दात कसं करतील? मी हाच शब्द शोधून पाठ करून गेले होते. म्हटलं, भारी शब्द आहे, छाप पडेल." ती श्वास घ्यायला थांबली. "पडली छाप. समोर तिघं होते. एकाने खोकल्याचं नाटक करून तोंडावर रुमाल धरला. दुसरा खिडकीबाहेर बघायला लागला. मधल्या बाई बिचाऱ्या चांगल्या होत्या. म्हणाल्या, बाळ, याचा अर्थ लाळघोट्या असा होतो, तुला वेगळं काही म्हणायचं असेल."

"जेवण तरी होऊ दे त्यांचं," आई आतून म्हणाली.

"होऊ दे की. मी कुठे अडवलंय?" मुलगी समोरच्या खुर्चीत बसली. "बाबा, तुम्हाला खरा अर्थ माहीत नव्हता?"

इथे बापाला सहज सुटता आलं असतं. नव्हता म्हणाला असता तर पोरीने घटकाभर फुगून त्याला माफ केलं असतं. पण घरात त्याला खोटं बोलता येत नसे. खोटं बोलण्याची त्याची सगळी ताकद दिवसभरात कचेरीतच खर्च होऊन जाई.

"माहीत होता," तो म्हणाला.

"मग?"

"मी बरोबरच लिहिला होता. साहेबांनी बदलला."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

बापाने चष्मा पुन्हा कपाळावर सरकवला. या घरात ते उत्तर सगळ्यांना पाठ होतं.

"होय साहेब, म्हणालात," मुलगी म्हणाली. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "मग त्या शब्दाखाली तुमचा फोटोच छापायचा होता, बाबा. निदान मला अर्थ तरी कळला असता."

ती उठून आत गेली. बाप ताटाकडे बघत बसला. बोलणं त्याच्या जिव्हारी लागलं होतं, आणि त्याला राग मात्र कुठेच सापडत नव्हता. पोरीचा राग करावा तर ती खरं बोलली होती.

कचेरीत या माणसाला होयबा म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि त्यालाही त्यात काही वावगं वाटेनासं झालं. आपणही तेच म्हणू.

होयबाचं होय म्हणणं ही कचेरीतली करमणूक होती. चहात साखर कमी आहे असं साहेब म्हणाले की होयबा म्हणे, कमीच आहे. दुसऱ्या घोटाला साहेब म्हणाले, नाही, जरा जास्तच पडलीय, की होयबा म्हणे, मलाही तेच वाटत होतं. साहेबांचा विनोद अर्ध्यावर असतानाच तो हसायला लागे, त्यामुळे साहेबांना बरेचसे विनोद पुरे करताच आले नव्हते. पण यामागे लोभ नव्हता, हे त्याच्या टवाळीखोर सहकाऱ्यांनीही कबूल केलं असतं. वडील अचानक गेले आणि शिक्षण अर्धवट सुटलं, तेव्हा साहेबांनी त्याला या कोशाच्या कामावर ठेवून घेतलं होतं. इतरांनी पदवी नाही म्हणून नाक मुरडलं, तेव्हा साहेब त्याच्या बाजूने भांडले होते. त्या उपकाराच्या ओझ्याखाली तो जो वाकला तो वाकलाच. पुढे पुढे ओझं आठवेनासं झालं, पाठ तेवढी तशीच राहिली.

कोशाच्या कामाची तिथली रीत ठरलेली होती. प्रत्येक शब्दाला एक कार्ड. सहायकाने त्यावर पेन्सिलीने अर्थ लिहायचा. मुख्य संपादक, म्हणजे साहेब, तो शाईने कायम करणार, नाहीतर खोडून आपला लिहिणार. मग कार्ड पुन्हा सहायकाकडे येई. साहेबांचा अर्थ पटला नाही, तर सहायकाने कार्डाच्या कोपऱ्यात फुली मारायची. फुली पडली की तो शब्द शनिवारच्या बैठकीत जाई, आणि फुली मारणाऱ्याला सगळ्यांसमोर उभं राहून आपलं म्हणणं पटवावं लागे. नियम साहेबांनीच केला होता आणि इतर सहायक तो मनमुराद वापरत. होयबाने उभ्या नोकरीत एकही फुली मारली नव्हती. एखादं कार्ड बिनबोभाट पुढे सरकवायचं असलं की लोक ते मुद्दाम त्याच्या टेबलावरून पाठवत.

आता नव्या आवृत्तीचं काम चाललं होतं आणि जुनी कार्डं एकेका अक्षराने पुन्हा टेबलांवरून फिरत होती. दुसऱ्या दिवशी होयबा कचेरीत गेला, त्याने ओ अक्षराचा खोका मागवला आणि ते एक कार्ड शोधून काढलं. त्याचा स्वतःचा पेन्सिलीचा अर्थ रबराने पुसलेला होता. उजेडात धरलं तर अक्षरांचे वळ अजून दिसत होते. त्यावर साहेबांची ठसठशीत शाई.

दोन-तीन वाचकांनी ही चूक मागे कळवली होती. जुन्या इंग्रजीत हा अर्थ होता, असं साहेबांनी त्यांना उत्तर दिलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त तो अर्थ कधीचा मेला होता, हे साहेबांनी लिहिलं नव्हतं.

होयबाने पेन्सिल घेतली. वर्षअखेरीला त्याची नोकरी संपत होती. मुदतवाढ द्यायची की नाही हे येत्या शनिवारच्या बैठकीतच ठरायचं होतं, आणि ते बहुतांशी साहेबांच्या शब्दावर होतं. मुलीची नोकरी तर त्याच शब्दकोशाने घालवली होती. हे सगळं त्याच्या डोक्यात होतं. तरी त्याने कोपऱ्यात फुली मारली, आणि सवय नसल्यामुळे ती वाकडी आली म्हणून तिच्यावरच आणखी एक ठळक मारली.

शेजारच्या टेबलावरच्या मुद्रितं तपासणाऱ्या ताईंनी मान लांब केली.

"भाऊ, चुकून पडली का? रबर देऊ?"

"पडली नाही ताई. मारली."

ताईंनी पुढे केलेलं रबर तसंच हातात राहिलं. चहाच्या वेळेपर्यंत सगळ्या मजल्याला बातमी झाली होती. कोणी म्हणालं, होयबाला ताप असणार. कोणी म्हणालं, साहेबांनीच मारायला सांगितली असेल. नाहीतर त्याची काय बिशाद.

दुपारी साहेबांनी त्याला आत बोलावलं. साहेबांची खोली छतापर्यंत पुस्तकांनी भरलेली होती आणि साहेब आता इतके थकले होते, की त्या ढिगात पटकन दिसतही नसत. टेबलावर ते कार्ड होतं.

"बसा. ही तुमचीच ना?"

"होय साहेब." म्हणून झाल्यावर त्यालाच ते कानाला खटकलं.

"मला वाटलं, कोणीतरी तुमची थट्टा केली." साहेब हसले. होयबा हसला नाही, तेव्हा साहेबांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "काय झालं?"

होयबाने मुलीच्या मुलाखतीचं सगळं सांगितलं. रुमाल, खिडकी, मधल्या बाई. फोटोचं वाक्य तेवढं गाळलं. साहेब ऐकत होते आणि पेनचं टोपण काढून पुन्हा लावत होते.

"वाईट झालं," ते म्हणाले. "मी त्या कंपनीत कोणाशी तरी बोलतो. आणि असं करू, अर्थात एक शब्द वाढवू. अतिनम्र. म्हणजे तुमचंही राहील, माझंही. फुली काढून टाका. शनिवारी तुमच्या मुदतवाढीचं आहे, त्यात उगीच वाद नको. मी तुमच्या भल्यासाठी सांगतोय."

भल्यासाठीच सांगत होते, यात शंका नव्हती. हीच तर इतक्या वर्षांची अडचण होती. होयबाच्या तोंडात होय येऊन थांबला होता. त्याने तो गिळला.

"अतिनम्र पुरत नाही साहेब. त्यात माणूस चांगलाच वाटतो, जरा जास्त चांगला इतकंच."

"मग काय पुरतं?"

"तुम्हाला माहीत आहे."

असं वाक्य त्या खोलीत होयबाच्या तोंडून कधी निघालं नव्हतं. साहेब रागावले नाहीत. त्यांनी उठून दार लावून घेतलं.

"माझे वडील एका परदेशी कंपनीत शिपाई होते," ते म्हणाले. "दार उघडायचं, पिशव्या उचलायच्या, साहेबाची छत्री धरायची. निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या चहाला त्यांनी मला बरोबर नेलं होतं. मी शाळेत इंग्रजीत पहिला यायचो ना. त्या परदेशी साहेबाने भाषण केलं आणि वडिलांबद्दल हा शब्द वापरला. सगळे परदेशी लोक हसले. वडिलांना वाटलं, कौतुकाने हसतायत. तेही हसले. घरी येताना मला विचारलं, काय रे म्हणजे काय ते? मला तेव्हा माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत कोश उघडला."

"आणि?"

"आणि घरी येऊन सांगितलं, आज्ञाधारक. सेवातत्पर. वडीलधाऱ्यांचा मान राखणारा." साहेबांनी कार्डावरच्या एकेका शब्दावर बोट ठेवलं. "सगळ्या शेजारपाजाऱ्यांना सांगितलं त्यांनी. शब्द धड उच्चारताही यायचा नाही. पहिली आवृत्ती निघाली तेव्हा ते हयात होते. मला म्हणाले, तो माझा शब्द दाखव. काय दाखवणार होतो मी?"

होयबाला साहेबांचा हात धरावासा वाटला. ज्या माणसाच्या शाईपुढे तो जन्मभर वाकला होता, त्या माणसाने एका म्हाताऱ्यासाठी आपल्या विद्येशी खोटेपणा केला होता. वाईट माणूस असं करत नाही. क्षणभर त्याला वाटलं, पुसून टाकावी फुली. कोणाचं काय बिघडतंय?

पण बिघडलं होतं. त्याच्या घरीच बिघडलं होतं.

"साहेब, ते आता नाहीत," तो हळू म्हणाला.

"नाहीत."

"माझी मुलगी आहे."

साहेबांनी मान खाली घातली. बाहेर कोणीतरी खोका ओढत नेत होतं, त्याचा आवाज येऊन गेला.

"नियम आहे," शेवटी साहेब म्हणाले. "फुली पडली की बैठक. तिथे मांडा. मी आडवा येणार नाही. पण वडिलांचं हे..."

"ते इथेच राहील."

"आणि उदाहरणात शिपाई घालू नका. तेवढं बघा."

"नाही घालणार."

शनिवारी सकाळी मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. चार दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती. होयबा बूट घालत होता.

"आई सांगत होती, आज तुमची काहीतरी बैठक आहे."

"आहे."

"त्या शब्दाची?"

"हो."

"माझ्यासाठी करताय का? मी रागात बोलले होते, बाबा. तुमची मुदतवाढ जाईल."

"गेली तर जाईल," होयबा म्हणाला. आणि स्वतःलाच ऐकू जावं तसं पुढे म्हणाला, "मी आज बोलणार आहे."

बैठकीच्या लांब टेबलाच्या एका टोकाला मंडळाचे अध्यक्ष बसत. गृहस्थ सढळ हाताचे होते, पण वेळेच्या बाबतीत भलते चिकट. दुसऱ्या टोकाला साहेब. मधे सगळे सहायक, आणि आज तर ज्यांचं काम नव्हतं तेही भिंतीला टेकून उभे होते. होयबाची फुली पुन्हा बघायला मिळणार नव्हती.

होयबा उभा राहिला. त्याने शब्द वाचला, छापील अर्थ वाचला आणि म्हणाला, "हा अर्थ चूक आहे."

कोणीतरी दबक्या आवाजात हसलं.

"बरोबर काय?" अध्यक्षांनी घड्याळाकडे बघत विचारलं.

"नको इतका नम्र. हांजी हांजी करणारा. लाळघोट्या."

"आज्ञाधारक आणि हा, यात एवढा काय फरक? वाकणारा माणूस वाकणाराच."

"फरक आहे." होयबाने टेबलाची कड धरली. "आज्ञाधारक माणसाला समोरच्याचं पटतं, म्हणून तो ऐकतो. नम्र माणूस स्वतःला कमी लेखत नाही, समोरच्याला मान देतो. या शब्दातल्या माणसाला खरं काय ते माहीत असतं, आणि तरी तो मान डोलावतो. त्याने समोरच्याचंही भलं होत नाही. समोरच्याला वाटतं, आपण बरोबर आहोत."

आता कोणी हसत नव्हतं. हे अर्थ कोणत्या कोशातून काढलेले नाहीत, हे सगळ्यांनाच कळत होतं.

अध्यक्ष पुढे झुकले. "मग इतकी वर्षं चुकीचा अर्थ छापत आलो आपण? लोकांनी कोश विकत घेतले, पोरांनी परीक्षा दिल्या. याला जबाबदार कोण? कार्ड कोणाकडे होतं?"

साहेबांनी खुर्ची मागे सारली. ते बोलणार हे होयबाने पाहिलं. एकदा बोलायला लागले असते, तर साहेब सगळंच बोलून गेले असते: निरोपाचा चहा, परदेशी लोकांचं हसणं, म्हाताऱ्याची विचारणा. उद्यापासून चहाच्या वेळी त्या शिपायाचा किस्सा झाला असता.

होयबाने साहेबांकडे बघून मान हलवली. नाही.

साहेब गप्प बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच साहेबांनी त्याचं ऐकलं होतं.

"कार्ड माझ्याकडे होतं," होयबा म्हणाला. "मला खरा अर्थ माहीत होता. तेव्हाच फुली मारायला हवी होती. मी मारली नाही. जबाबदार मी."

यात खोटं काहीच नव्हतं. साहेबांनी काय केलं ते साहेबांचं होतं. आपण काय केलं नाही, तेवढं त्याने सांगितलं. भिंतीजवळून ताईंचा आवाज आला, शेजारणीला सांगत होत्या, "बघ, शेवटी साहेबांना वाचवलंच. होयबा तो होयबाच." होयबाने ते ऐकलं. त्याला वाईट वाटलं नाही. आजचं वाकणं कोणी करायला लावलेलं नव्हतं आणि ते कोणाला समजावून सांगण्याची त्याला गरज वाटेना.

"हे तुम्ही प्रांजळपणे सांगितलंत, ठीक," अध्यक्ष म्हणाले. "पण अशा चुकीनंतर तुमच्या मुदतवाढीची शिफारस आम्हाला करता येणार नाही. वर्षअखेरीला मोकळं व्हावं लागेल. काही म्हणायचंय?"

"नाही."

"मग अर्थ बदलायला कोणाची हरकत?"

कोणाचीच नव्हती. साहेबांनी कार्ड समोर ओढलं, जुन्या ओळीवर एक सरळ रेघ मारली आणि होयबाने सांगितलेले शब्द एकेक करून लिहिले. हात थकलेला होता, पण अक्षर अजून सुरेख होतं.

"वापराचं उदाहरण राहिलं," नवीनच लागलेल्या एका सहायकाने उत्साहाने सुचवलं. "सोपं आहे. तो शिपाई साहेबापुढे सारखा..."

साहेबांचं पेन थबकलं.

"शिपाई नको," होयबा म्हणाला.

"का? चांगलं बसतंय."

"शिपायाला हुकूम पाळावाच लागतो. त्याचं पोट असतं त्यावर. तो या शब्दात बसत नाही." होयबा थांबला आणि मग प्रत्येकाला ऐकू जाईल असं म्हणाला, "सहायक घाला. लिहा साहेब. तो सहायक चूक दिसत असूनही संपादकांच्या प्रत्येक अर्थाला होय म्हणत असे."

खोलीत हशा पिकला. तरुण पोरगा तर टेबलावर हात आपटून हसला, अध्यक्षांनाही हसू आवरलं नाही. साहेब हसले नाहीत. डोळ्यांवरचा चष्मा काढून त्यांनी पुसला, पुन्हा लावला आणि ते वाक्य शब्दन् शब्द, एकही फेरफार न करता, शाईने लिहून काढलं. मग शाई वाळेपर्यंत कार्ड धरून बसले.

"बसा आता," अध्यक्ष म्हणाले.

होयबा उभा होता. हसणारी तोंडं एकेक करून त्याच्याकडे बघत होती आणि तोही त्यांच्याकडे सरळ बघत होता. त्याला बसायची घाई नव्हती.